लिफ्टमधली म्हैस

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना एक शेवट तोंडपाठ असतो. निबंधाचा विषय ‘मी पक्षी झालो तर’ असो, ‘सूर्य मावळलाच नाही तर’ असो की ‘परीक्षा नसत्या तर’. पहिल्या परिच्छेदात पंख फुटतात, दुसऱ्यात गंमत होते, तिसऱ्यात तोटे लक्षात येतात. पान संपत आलं की आईची हाक ऐकू येते, ‘अरे ऊठ, शाळेला उशीर होतोय!’ निबंध लिहिणारा दचकून जागा होतो आणि ते स्वप्न होतं हे कळून त्याला हायसं वाटतं. वर्गात साठ मुलं असतील तर त्यातल्या चाळीसेक जणांच्या आया एकाच वेळी हाक मारतात, आणि सगळ्या वह्या तपासणाऱ्या बाईंना त्यात काही वावगं वाटत नाही. गाईडात तसंच तर छापलेलं असतं.

हीच मुलं एरवी काय बोलतात ते ऐकावं. गृहपाठ का झाला नाही याची कारणं सांगताना त्यांच्या अंगात कादंबरीकार संचारतो. वीज नेमकी किती वाजता गेली, मेणबत्ती कुठल्या डब्यात होती, धाकट्या बहिणीने वहीवर आमटी सांडली तेव्हा आजी काय म्हणाली, असा सगळा तपशील जागच्या जागी तयार असतो. कारण समोर बाई उभ्या असतात आणि त्यांचा विश्वास बसलेला नसतो. अशा गोष्टीला पात्रं, वेळ, हेतू आणि शंकेखोर श्रोता आपोआप मिळतो. म्हणजे कल्पनाशक्तीची उणीव नाही. ‘सूर्य मावळलाच नाही तर’ या विषयाला धरायला कुठे कडाच नाही, ही खरी अडचण आहे. बारा वर्षांच्या मुलाने अख्ख्या सूर्यमालेचा हिशोब चाळीस मिनिटांत मांडायचा, तर तो पाठ केलेल्या रस्त्यानेच जाणार.

मुलांना लिहितं करण्यासाठी विषय द्यायचा कसा, या प्रश्नाने निदान दीडशे वर्षं काही मोठ्या माणसांची झोप उडवली आहे. त्यात एक नाव असं आहे, की ज्याला स्वतःला लिहिण्याची अडचण असेल असं कोणाला वाटणार नाही.

लिओ टॉलस्टॉयने 1859 साली यास्नाया पोल्याना या आपल्या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. ‘वॉर अँड पीस’ अजून लिहायची होती, पण लेखक म्हणून त्याचं नाव रशियाभर झालं होतं. शाळेत निबंध लिहून घेताना त्याची दमछाक व्हायची. जंगल, घर, वसंत ऋतू असे शिरस्त्याचे विषय दिले की मुलं रडकुंडीला येत. सोपा म्हणून दिलेला विषय त्यांना सर्वांत अवघड जाई, कारण त्याबद्दल सांगण्यासारखं काय आहे हेच त्यांना कळत नसे.

एके दिवशी तो रशियन म्हणींचा संग्रह वाचत होता. तो संग्रह घेऊनच तो वर्गात गेला आणि म्हणाला, यातल्या एखाद्या म्हणीवर गोष्ट लिहू या. निवडलेली म्हण अशी होती की, चमच्याने भरवतो आणि चमच्याच्याच दांड्याने डोळा टोचतो. म्हणजे उपकार करतो आणि वर बोलून दाखवतो. टॉलस्टॉयने कथेचं बीज सुचवलं. एका शेतकऱ्याने एका भिकाऱ्याला घरी आणलं, खाऊपिऊ घातलं आणि मग उठता-बसता टोमणे मारायला सुरुवात केली. मुलांना ते जमण्यासारखं वाटेना. एकाने सरळ सांगून टाकलं, तुम्हीच लिहा. टॉलस्टॉय खरंच लिहायला बसला. मुलांची इतर कामं आटोपली तशी ती एकेक करून त्याच्या खुर्चीमागे गोळा झाली आणि खांद्यावरून डोकावू लागली. त्याने पहिलं पान वाचून दाखवलं. कोणाला आवडलं नाही. कौतुकाचा एक शब्द आला नाही. उलट चुका निघू लागल्या. म्हातारा असं करणार नाही, तो असं म्हणणार नाही, असं एकेक जण सांगू लागला. बघता बघता गोष्ट टॉलस्टॉयच्या हातून निसटली आणि पोरं ती सांगू लागली. तो नुसता लेखनिक झाला.

रात्री इतर मुलं घरी गेली, पण स्योम्का आणि फेद्का हे दोघे हलायला तयार नव्हते. सात वाजता सुरू झालेलं काम अकरापर्यंत चाललं. टॉलस्टॉयने नंतर लिहिलेल्या लेखात त्या रात्रीचा एक तपशील आहे. गोष्टीत एक शेजारी रात्री घाईने येतो. फेद्काने सांगितलं, तो बायकोची फरची बंडी अंगावर टाकून आला. टॉलस्टॉय चमकला. बायकोचीच का? फेद्काजवळ तत्त्वज्ञान नव्हतं, त्याला ते तसं दिसलं होतं. पण त्या एका बंडीतून सगळं घर उभं राहतं, हे टॉलस्टॉयच्या लक्षात आलं. बाकावर हाताला लागलेली पहिली वस्तू उचलून निघालेला, अरुंद छातीचा, बायकोची बंडीही अंगात बसेल असा किरकोळ माणूस, त्याच्या झोपडीतली संध्याकाळ, सगळं त्यात आलं. जेमतेम लिहिता येणाऱ्या पोराला हे सुचलं आणि आपल्याला नाही, याने तो हादरून गेला.

पुढे त्या गोष्टीचे कागद हरवले. शाळेतल्या दुसऱ्या मुलांनी रद्दी समजून त्यांचे फटाके करून फोडले. एरवी स्वतःच्या लेखनाच्या बाबतीत आपल्याला इतकं दुःख झालं नव्हतं, असं टॉलस्टॉय सांगतो. फेद्का आणि स्योम्का यांना ते कळलं तेव्हा त्यांनी रात्रीचा मुक्काम त्याच्याकडे केला, खोलीत कोंडून घेतलं आणि ती पुन्हा लिहून काढली. 1862 साली या साऱ्यावर टॉलस्टॉयने एक लेख छापला. लिहायला कोणी कोणाकडून शिकायचं, शेतकऱ्यांच्या मुलांनी आमच्याकडून की आम्ही त्यांच्याकडून, असा प्रश्नच त्याने शीर्षकात विचारला आहे. लेखाच्या शेवटी शिक्षकांसाठी काही सूचना आहेत. विषय भरपूर आणि तऱ्हेतऱ्हेचे द्या. मुलांसाठी म्हणून खास बेतलेले विषय देऊ नका, तुम्हाला स्वतःला ज्यात रस वाटतो असेच द्या. मुलांना मुलांनीच लिहिलेलं वाचायला द्या. आणि मुलांनी लिहिलेलं पाहताना अक्षर, शुद्धलेखन, वाक्यरचना यांबद्दल चकार शब्द काढू नका. शेवटची सूचना आजच्या कुठल्याही शिक्षक-खोलीत वाचून दाखवली तर वाद होईल हे नक्की.

टॉलस्टॉयच्या अनुभवातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मुलं म्हण पाहून खुलली नाहीत. ती खुलली मोठ्या लेखकाने केलेली चूक पाहून. अर्धवट आणि थोडं चुकलेलं काहीतरी समोर आलं, आणि ते दुरुस्त केल्याशिवाय त्यांना राहवेना.

मुलांना लिहायला लावण्याच्या युक्त्यांचं शास्त्र कोणी बांधलं असेल तर ते इटलीच्या जान्नी रोदारीने. ओर्ता सरोवराच्या काठी ओमेन्या या गावी 1920 साली त्याचा जन्म झाला. वडील बेकरीवाले. तरुणपणी जर्मनीतून पळून आलेल्या ज्यू कुटुंबातल्या मुलांना तो इटालियन शिकवत असे. त्याच सुमारास नोव्हालिस या जर्मन कवीचं एक टिपण त्याच्या वाचनात आलं. तर्काचं जसं शास्त्र आहे तसं कल्पनेचंही असतं तर शोध लावण्याची कला सापडली असती, असा त्याचा आशय. रोदारीने एक वही घातली आणि गोष्टी कशा सुचतात याच्या नोंदी तिच्यात करू लागला. नंतर तो पत्रकार झाला, मुलांचा लाडका लेखक झाला, 1970 साली त्याला बालसाहित्यातलं हान्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक मिळालं. मार्च 1972 मध्ये रेज्जो एमिलिया शहरातल्या शिक्षकांसमोर त्याने काही दिवस या नोंदी उलगडून दाखवल्या. त्यातूनच पुढच्या वर्षी ‘ग्रामातिका देल्ला फांताझिया’ म्हणजे ‘कल्पनेचं व्याकरण’ हे पुस्तक निघालं. पुस्तक त्याने त्या शहरालाच अर्पण केलं.

त्यातली सर्वांत गाजलेली युक्ती दोन शब्दांची आहे. वर्गातल्या एका मुलाने फळ्याच्या पुढच्या बाजूला एक शब्द लिहायचा, दुसऱ्याने त्याच वेळी मागच्या बाजूला. कोणी काय लिहिलं ते एकमेकांना दिसता कामा नये. मग फळा फिरवायचा. रोदारीने दिलेल्या उदाहरणात एका बाजूला ‘कुत्रा’ निघतो आणि दुसऱ्या बाजूला ‘कपाट’. दोन्ही शब्द एकटे असताना निरुपद्रवी असतात. कुत्रा रोजच दिसतो, कपाटाकडे कोणी पाहतही नाही. पण दोघांना एका ओळीत बसवलं की काहीतरी खटकतं, आणि ते खटकणं मिटवायला डोकं धावतं. रोदारी इटालियनमधली शब्दयोगी अव्ययं वापरून या जोड्या लावतो. मराठीत हे काम शब्दाला चिकटणारे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं आणखी सफाईने करतात.

समजा फळ्यावर ‘म्हैस’ आणि ‘लिफ्ट’ आले. म्हशीची लिफ्ट. लिफ्टमधली म्हैस. म्हशीसाठी लिफ्ट. लिफ्टवरून म्हैस. प्रत्येक जोडणीबरोबर गोष्ट बदलते. ‘लिफ्टमधली म्हैस’ म्हटल्याबरोबर प्रश्नांची रांग लागते. ती कितव्या मजल्यावर निघाली आहे? कोणाकडे? सोसायटीचा वॉचमन रजिस्टरमध्ये ‘भेटीचे कारण’ या रकान्यात काय लिहील? चौथ्या मजल्यावरच्या साठेकाकूंना बाहेर पडायचं आहे आणि दार उघडल्यावर आत जागाच नाही. ‘म्हशीसाठी लिफ्ट’ म्हटलं की मात्र सगळा मामला गंभीर होतो. आता पूर आलेला आहे, गोठ्यात पाणी चढतंय आणि गच्चीवर जायचा दुसरा मार्ग नाही. पाऊस आणि पूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरकडच्या मुलाच्या हाती हा धागा लागला तर ते विनोदी लिहिणार नाही, हे सांगायला नकोच.

रोदारीची एक अट महत्त्वाची आहे. दोन शब्दांत पुरेसं अंतर हवं. ‘घोडा आणि कुत्रा’ घेतले तर दोघेही प्राणी, एकाच गोठ्यातले, त्यांच्यात ठिणगी पडत नाही. मराठी शाळांत ‘दिलेल्या शब्दांवरून कथा लिहा’ हा प्रकार जुनाच आहे, पण तिथे शब्द बहुधा राजा, जंगल, सिंह, शिकारी असे येतात. ते शब्द आधीपासून एकमेकांचे नातेवाईक असल्यामुळे गोष्ट मुलाने लिहायच्या आधीच लिहून झालेली असते. यावर रोदारीचा तोडगा गमतीदार आहे. लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीतले पाच शब्द मुलांना द्यायचे, मुलगी, जंगल, फुलं, लांडगा, आजी. आणि सहावा शब्द द्यायचा, हेलिकॉप्टर. तो एक शब्द आला की पाठ असलेली गोष्ट मोडते आणि मुलं स्वतःच्या पायावर उभी राहतात. राजा, जंगल, सिंह, शिकारी यांच्यात ‘रेशनकार्ड’ घुसडून पाहावं.

‘काय झालं असतं तर’ हा निबंधाचा प्रकार रोदारीलाही प्रिय होता, पण त्याचे ‘तर’ वेगळे आहेत. मगरीने तुमचं दार ठोठावून थोडासा रोझमेरीचा पाला मागितला तर? सगळ्या सिसिलीची बटणं हरवली तर? यांत सूर्य-चंद्र नाहीत, राष्ट्र नाही, मानवजात नाही. बटण आहे. बटण नाही म्हटल्यावर सदरा कसा बंद करायचा, पोलिसाच्या गणवेशाचं काय, लग्नातल्या कोटाचं काय, अशी पायरी-पायरीने गोष्ट उतरत जाते आणि प्रत्येक पायरीवर मुलाच्या ओळखीची वस्तू असते. आपल्याकडच्या पन्नास वर्षांच्या प्रश्नपत्रिका चाळल्या तर ‘तर’ नेहमी विश्वाएवढा मोठा दिसेल. ‘विजेचा शोध लागला नसता तर’ हा विषय देणाऱ्याला तरी त्याचं उत्तर नीट माहीत असतं का? ‘गावातली सगळी कुलपं एका रात्रीत उघडली तर’ हा विषय त्याच्यापेक्षा लहान आहे आणि म्हणूनच मोठा आहे.

चुकांकडे पाहण्याची रोदारीची दृष्टी तर शिक्षकांनी उचलावी अशी. इटालियनमध्ये ‘लाप्पोनिया’ म्हणजे लॅपलँड. एका मुलाने चुकून ‘लांपोनिया’ लिहिलं. रास्पबेरीला तिथे ‘लांपोने’ म्हणतात. मग ही चूक खोडायची कशाला? रास्पबेरीचा देश असा एक नवाच प्रदेश सापडलेला असताना तिथे जाऊन यायला काय हरकत आहे? मराठीत ‘बसचं तिकीट काढलं’ ऐवजी ‘बसचं तिखट काढलं’ असं एखादा मुलगा लिहितो. लाल पेनाने गोल केला की विषय संपला. पण कंडक्टर पुडीत तिखट बांधून देतोय, लांबच्या प्रवासाला जास्त झणझणीत, अर्ध्या तिकिटाला कमी, आणि फुकट्या प्रवाशाला तपासनीस जीभ दाखवायला सांगतोय, असं लिहायला सांगितलं तर तो मुलगा ‘तिकीट’ हा शब्द पुन्हा कधी चुकवणार नाही. रोदारीने उपसर्ग जोडूनही असे खेळ केले. एका उपसर्गाने त्याची तोफ उलटी झाली आणि युद्ध करण्याऐवजी केलेलं युद्ध उसवू लागली.

अमेरिकेत साधारण त्याच काळात केनेथ कोक हा कवी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या पी.एस. 61 या सरकारी प्राथमिक शाळेत कविता शिकवायला जात होता. त्याचं ‘विशेस, लाइज अँड ड्रीम्स’ हे पुस्तक 1970 साली आलं. पहिल्याच तासाला त्याने एक सामूहिक कविता करून घेतली. प्रत्येकाने एकच ओळ लिहायची, ‘माझी इच्छा आहे’ अशी सुरुवात करायची, आणि ओळीत एक रंग, एक शहर किंवा देश आणि एक चित्रकथेतलं पात्र यायलाच हवं. यमक जुळवायचं नाही, हा त्याचा कटाक्ष होता. यमकाच्या मागे लागलेलं मूल स्वतःला म्हणायचं ते सोडून शब्द जुळवत बसतं, असं त्याचं निरीक्षण. मराठीत हे विशेष लागू आहे. आपल्याकडे बालकविता म्हटली की पाऊस-हौस आणि फूल-मूल यांची मालगाडी धडाडत येते.

खोटं बोला, हाही कोकने दिलेला एक विषय. प्रत्येक ओळीत एक थाप मारायची. गृहपाठाची कारणं सांगणारी मुलं इथे कोणाच्या पुढे असणार हे उघड आहे.

शब्दांऐवजी चित्र दिलं तरी हेच घडतं, फक्त चित्र कसं आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. ‘चित्र पाहून वर्णन करा’ यात बाग, झोपाळा, फुगेवाला आणि दोन मुलं असतात. सगळं दिसत असतं, त्यामुळे सांगायला काही उरत नाही. क्रिस व्हॅन ऑल्सबर्ग या अमेरिकन चित्रकाराने 1984 साली ‘द मिस्टरीज ऑफ हॅरिस बर्डिक’ हे पुस्तक काढलं. त्यात चौदा काळीपांढरी चित्रं आहेत. प्रत्येकाखाली कथेचं नाव आणि एखादंच वाक्य. कथा नाहीच. प्रस्तावनेत थाप अशी, की बर्डिक नावाचा माणूस नमुन्याची चित्रं प्रकाशकाकडे ठेवून गेला, गोष्टी उद्या आणतो म्हणाला आणि परत आलाच नाही. एका चित्रात घरातल्या गालिच्याखाली एक उंचवटा आलेला आहे आणि माणूस खुर्ची उगारून त्याच्यावर तुटून पडण्याच्या बेतात आहे. दुसऱ्यात चर्चमध्ये खुर्चीवर बसलेली नन हवेत तरंगते आहे. अमेरिकेतल्या वर्गावर्गांत या चित्रांवरून मुलांनी इतक्या गोष्टी लिहिल्या की स्टीफन किंगसारख्या लेखकांनाही मोह आवरला नाही. त्यांनी प्रत्येकी एक चित्र घेऊन लिहिलेल्या चौदा कथांचा संग्रह 2011 साली निघाला.

चित्र स्वतः काढलेलं असलं तर आणखी बरं. 1881 च्या पावसाळी उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमार इथे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन सावत्र मुलगा लॉइड याच्यासोबत घरात अडकून पडला होता. वेळ घालवायला दोघांचं रंगकाम चालू होतं. त्यात एका बेटाचा नकाशा तयार झाला. खाडी आली, टेकडी आली, त्यांना नावं द्यावी लागली, आणि नावं दिली म्हटल्यावर तिथे कोण राहून गेलं हे सांगणं भाग पडलं. ‘ट्रेझर आयलंड’ अशी सुरू झाली. मुलांना कादंबरी लिहा म्हणणं अवघड आहे, पण आपल्या गल्लीचा नकाशा काढून त्यातल्या तीन ठिकाणांना गुप्त नावं द्यायला सांगणं अगदीच सोपं. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीला एकदा नाव मिळालं की ती बंद का पडली याची हकिकत मागोमाग येते.

हे सगळं परदेशातून आणावं लागतं असं समजायचं कारण नाही. संस्कृतात समस्यापूर्ती हा खेळ शेकडो वर्षं चालत आला आहे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीतही काव्यसमस्यापूरण आहे. श्लोकाचा शेवटचा चरण दिला जातो, तोही मुद्दाम तिरपागडा, आणि उरलेले तीन चरण असे रचायचे की तो वेडगळ चरण अपरिहार्य वाटावा. भोजराजाच्या दरबाराशी आणि कालिदासाच्या नावाशी जोडलेल्या एका दंतकथेत तर दिलेल्या चरणात अर्थाचा एकही शब्द नाही. नुसता धातूचा ठणठणाट आहे. दरबारातले पंडित गप्प. कालिदास मात्र तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटवतो आणि जिन्याच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली पाठवतो. आवाज आधी, घटना मागाहून. वर्गात डोळे मिटायला लावून डस्टर, स्टीलचा डबा किंवा किल्ल्यांचा जुडगा खाली टाकावा आणि कोणाच्या हातून, कुठे, का पडलं ते लिहायला सांगावं. उपकरणं तीच, फक्त घडा सोन्याचा नसतो.

उखाणाही त्याच जातीचा. वराचं किंवा वधूचं नाव ठरलेलं, ते ओळीत आलंच पाहिजे, आणि आजूबाजूला सासरचं माणूस न माणूस कान टवकारून उभं. इतक्या अडचणीत सापडल्यावर एरवी चार ओळी न लिहिणारी नवरीही काहीतरी जुळवून आणते.

अडचण मुद्दाम घालून लिहिणं हा फ्रान्समधल्या ‘उलिपो’ या लेखकगटाचा व्यवसायच होता. त्यातल्या जॉर्ज पेरेकने 1969 साली ‘ई’ हे अक्षर एकदाही न वापरता अख्खी कादंबरी लिहिली. मराठीत याचा सोपा अवतार म्हणजे काना न वापरता लिहिणं. ओकार चालेल, पण ‘आ’ हे अक्षर आणि नुसता काना चालणार नाही. सुरुवात सहज होते. चिमणी भिजली. खिडकीत बसली. मी खिडकी हळूच उघडली. ती उडून गेली. इतपत जमल्यावर मुलं खुश होतात आणि पाचव्या वाक्याला अडतात, कारण गोष्टीत दादाला आणायचं असतं. दादा येऊ शकत नाही. बाबा, काका, मामा, आजोबा कोणीच येऊ शकत नाहीत. आई आणि आजीही नाहीत. ‘तो आला’, ‘तो बसला’ बाद. पण ‘ती उठली’ चालतं. बहीण, शेळी, म्हैस, नदी यांना मोकळं रान. पुरुष आणायचाच असेल तर त्याला वर्तमानात आणावं लागतं, ‘तो येतोय, खिसे चिवडतोय, चिडतोय’. अर्ध्या तासात सहावीतल्या मुलांना मराठी क्रियापदाचं लिंग आणि काळ यांबद्दल जे कळतं, ते व्याकरणाच्या तासाला कळायला दिवाळीची सुट्टी उलटून जाते. ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही हातचे गेल्यावर तर वाक्याची सवयीची घडणच बदलावी लागते.

आता राहिली परीक्षा. महाराष्ट्रात दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत कथालेखन आहे, प्रसंगलेखन आहे, आत्मकथन आहे. म्हणजे कल्पनेला जागा नाही असं म्हणता येत नाही. जागा आहे आणि तिला चौकटही आहे, अक्षरशः. आत्मकथनाच्या विषयासोबत मुद्द्यांचा एक चौकोन दिलेला असतो. जन्म, उपयोग, खंत, अपेक्षा अशा धर्तीचे ते मुद्दे. त्यामुळे मराठीतली प्रत्येक बोलणारी वस्तू दुःखी आहे. फाटकं पुस्तक खंतावतं, पडका किल्ला खंतावतो, नदी, वृक्ष, शाळेची घंटा, सगळे हयातभर सेवा करून शेवटी नव्या पिढीला संदेश देतात. एखाद्या घंटेला आपलं काम मुळीच आवडत नसेल, एखादा किल्ला पर्यटक येत नाहीत म्हणून सुखात असेल, ही शक्यता चौकोनात मावत नाही. परीक्षकाला गुण देणं सोपं जावं म्हणून ही सोय आहे हे समजण्यासारखं आहे. हजारो उत्तरपत्रिका तपासायच्या तर काहीतरी समान माप लागतंच. पण वर्षभराच्या सरावातही तोच चौकोन वापरायची सक्ती कोणी केलेली नाही.

तोच विषय थोडा आत ढकलला तरी फरक पडतो. ‘मी शाळेची घंटा बोलते’ ऐवजी ‘घंटा दुरुस्तीला गेली होती त्या दिवशी’. ‘नदीचे आत्मकथन’ ऐवजी ‘नदीने पुलाच्या खांबाबद्दल केलेली तक्रार, ग्रामपंचायतीला पत्र’. ‘पडक्या किल्ल्याचे मनोगत’ ऐवजी ‘किल्ल्यावरच्या तोफेला माहीत असलेलं आणि इतिहासाच्या पुस्तकात नसलेलं एक गुपित’. प्रत्येकात एक दिवस आहे, एक ऐकणारा आहे किंवा एक वस्तू आहे. मुख्य म्हणजे कुठल्याही मार्गाने स्वप्नातून जागं व्हायची सोय नाही.

विषय कितीही फक्कड असला तरी लिहिलेलं फक्त तपासायला जाणार असेल तर मुलं हात आखडता घेतात. फ्रान्सच्या सेलेस्तँ फ्रेने या प्राथमिक शिक्षकाला पहिल्या महायुद्धात फुफ्फुसाला जखम झाली होती. सलग बोलून शिकवणं त्याला झेपत नसे. दक्षिणेतल्या बार-स्युर-लू या डोंगरी गावात त्याने मुलांना घेऊन भटकायला सुरुवात केली. परत आल्यावर मुलं पाहिलेलं लिहीत. 1924 साली त्याने वर्गात हाताने चालवायचं छोटं छपाईयंत्र आणलं. निवडलेला मजकूर मुलं स्वतः खिळे जुळवून छापू लागली. दोन वर्षांनी दुसऱ्या टोकाच्या ब्रिटनीमधल्या समुद्रकाठच्या एका शाळेशी छापील पानांची देवाणघेवाण सुरू झाली. डोंगरातल्या पोराला आता आपलं गाव अशा मुलाला समजावून सांगायचं होतं, ज्याने ते कधी पाहिलं नव्हतं आणि पाहण्याची शक्यताही नव्हती. विषय द्यायची गरजच उरली नाही.

आपल्याकडे भोपाळहून ‘एकलव्य’ संस्था 1985 पासून ‘चकमक’ हे मुलांचं हिंदी मासिक काढते, त्यात ‘मेरा पन्ना’ या सदरात मुलांचं लेखन आणि चित्रं छापली जातात. मराठी शाळांत हस्तलिखित आणि भित्तिपत्रक ही तर घरचीच परंपरा आहे. फक्त भित्तिपत्रकावर बहुधा स्वातंत्र्यदिन, पर्यावरण दिन आणि थोरांच्या जयंत्या यांचीच वस्ती असते. त्यातला एक कोपरा रिकामा करून तिथे लिफ्टमधल्या म्हशीच्या पाच वेगवेगळ्या हकिकती, न तपासता, अशुद्धलेखनासकट, शेजारी शेजारी लावल्या तर मधल्या सुट्टीत तिथे गर्दी होते. सहावी ‘अ’ची म्हैस कितव्या मजल्यावर उतरली यावरून सहावी ‘ब’ हुज्जत घालते, आणि दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता सहावा कागद चिकटवलेला असतो.